इंजेक्शनच्या गाडीला साधा पाइप

शाहूपुरीत मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. दोन गाड्या आत आणि चार बाहेर मावतील एवढीच जागा. पण लांबच्या प्रवासाला नेतात त्या जड मोटरसायकली अख्ख्या जिल्ह्यातून माझ्याकडे यायच्या. कुणी लडाखला निघालेला असायचा, कुणी कन्याकुमारीहून परतलेला. निघायच्या आधी इंजिन उघडून बघायचं आणि आल्यावर परत एकदा बघायचं, हे माझं काम. पंचवीस वर्षं ते केलं आणि मला त्याचा गर्व होता.

काम शिकवलं चाचांनी. ते आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, हात थरथरतात, पण चार वाजता चहाला माझ्या गॅरेजवर येऊन बसतात. त्यांच्या वेळच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या. त्यात पेट्रोल आपल्या वजनानं टाकीतून खाली उतरतं, पाटाचं पाणी उसात उतरावं तसं. त्या पाइपाला कसलाच जोर सोसायचा नसतो. चाचा तर सायकलच्या दुकानातून नळी आणून लावायचे आणि ती पाच-पाच वर्षं टिकायची. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यात टाकीच्या आतच पंप असतो आणि तो पेट्रोल दाबून इंजिनकडे ढकलतो. चाकात हवा भरतो त्याहून जास्त दाब त्या करंगळीएवढ्या पाइपात असतो. त्याचा पाइप वेगळा, जाड, आतून बांधलेला, आणि टोकाला खटक्यानं बसणारं प्लॅस्टिकचं कुलूप. हे सगळं मला माहीत होतं. पुण्याला जाऊन शिकून आलो होतो. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात माहिती नव्हती असं म्हणायची सोय मला नाही.

गडमुडशिंगीचे एक सर माझ्याकडे यायचे. हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले आणि आयुष्यभर मनात होती ती मोठी गाडी घेतली. मागे वहिनी बसायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, नवऱ्याच्या हौसेपायी बिचाऱ्या ओढल्या जातायत. तसं नव्हतं. कुठं जायचं ते वहिनीच ठरवायच्या. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती. कुठल्या गावात पेट्रोल चांगलं मिळालं, कुठं रस्ता खराब, कुठल्या धर्मशाळेत गरम पाणी, सगळं त्यात. सामान त्या स्वतः बांधायच्या, दुसऱ्यानं बांधलेलं चालायचं नाही.

"दादा, गाडी हे चालवत्यात, पण थांबवायचं काम माझं," त्या एकदा म्हणाल्या. "दर तासाला पाठीवर दोन बुक्क्या मारते. न्हाईतर हे गोव्यातच उतरतील."

सर हसले. "खरंय. माझं कंबरडं वाचलंय ते हिच्यामुळं."

दोघं एकमेकांना असे बोलायचे की माझ्याकडची बाकीची गिऱ्हाइकंही ऐकत उभी राहायची.

ऑगस्टमध्ये पंधरा तारखेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. त्यांना गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरायचं होतं. पावसातला घाट वहिनींना बघायचा होता. सर गाडी आठवडाभर आधी, शनिवारी घेऊन आले. तेल, एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या झडपांची फट, बघायचे होते, कारण इंजिन थंड असताना टकटक करत होतं. टॅपेटला हात घालायचा तर टाकी उतरवावी लागते. टाकी उतरवायची तर पेट्रोलचा पाइप सोडवावा लागतो. त्याचं ते प्लॅस्टिकचं कुलूप उन्हानं आणि इंजिनच्या उष्णतेनं ठिसूळ झालेलं असतं, त्याला हळूच दोन्ही बाजूंनी दाबावं लागतं. मी घाईत होतो. पान्याच्या टोकानं उचकटलं. तुटलं.

असं होतं कधी कधी. तेव्हा अख्खा पाइप नवा घालायचा. कोल्हापुरात मिळाला नाही. पुण्याच्या डीलरला फोन केला, ते म्हणाले मंगळवारी पोचेल. तोवर संध्याकाळ झाली आणि सर गाडी न्यायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांना जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गाडीवरूनच जायचं होतं. मी तुटलेलं कुलूप कापून काढलं, कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा पाइप घेतला, तो दोन्ही टोकांना क्लिपा घालून आवळला. गाडी चालू केली. दहा मिनिटं टॉर्च मारून बघत बसलो. थेंब नाही.

"सर, मंगळवारी एक चक्कर टाका," मी म्हणालो. "एक पार्ट बदलायचाय."

"मंगळवारी अवघड दिसतंय. परत आल्यावर बदलला तर?"

आणि मी म्हणालो, "चालतंय की."

हे दोन शब्द मी दिवसातून शंभर वेळा म्हणतो. त्या दिवशी का म्हणालो ते सांगतो. मी काय तोडलं, काय लावलं आणि ते किती दिवस टिकेल हे सांगायचं झालं असतं तर माझ्या हातून तुटलं हेही सांगावं लागलं असतं. सर मला फार मानायचे. चारचौघांत म्हणायचे, आमचे मिस्त्री डॉक्टर आहेत. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. दुसरं काही कारण नव्हतं.

मंगळवारी पाइप आला. पिशवीतून काढला, बघितला आणि फळीवर ठेवला. सरांना फोन करायचा असं मनात होतं. सुट्टीच्या आधीची गर्दी होती, बाहेर रस्त्यावर गाड्या लागल्या होत्या. बुधवारी आठवण झाली तेव्हा हात तेलात होते. गुरुवारी झालीच नाही. शुक्रवारी सकाळी ती दोघं निघाली.

मला कळलं दुपारी. सरांच्या शेजारी राहणारा एक गाडीवाला माझं गिऱ्हाईक आहे, त्यानं फोन केला. असळज सोडल्यावर गगनबावड्याकडे जाताना सरांची गाडी पेटली. पाऊस कोसळत होता तरी पेटली. वहिनींच्या अंगावर नायलॉनचा रेनकोट होता, तो वितळून अंगाला चिकटला. सरांनी हातानं विझवायचा प्रयत्न केला, त्यांचे दोन्ही हात जळाले. दुधाचा टेम्पो येत होता, त्या माणसानं दोघांना घालून कोल्हापूरला आणलं.

फोन ठेवला आणि मी फळीकडं बघितलं. पाइप तिथंच होता.

त्या दिवशी चाचा नेहमीसारखे चार वाजता आले. गल्लीत बातमी पोचली होती. ते स्टुलावर बसले, चहा घेतला नाही.

"टाकी उतरवली होतीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"पाइप कुठला टाकलास?"

मी फळीवरच्या नव्या पाइपाकडं बघितलं. पोलिसांनी, पत्रकारांनी, कुणीच मला पुढेही हा प्रश्न विचारला नाही. एका म्हाताऱ्यानं बसल्या जागी विचारला. चाचांनी मान खाली घातली. काठी उचलली आणि निघून गेले. पुढचे दोन आठवडे ते आले नाहीत.

मी दवाखान्यात गेलो, तेही चौथ्या दिवशी. जळीत वॉर्डाच्या बाहेर सरांची मुलगी उभी होती. ती पुण्याला नोकरी करते, तिला मी एकदाच पाहिलं होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही आलात, बरं वाटलं. बाबा सारखं म्हणायचे, मिस्त्रींनी बघितलीय म्हणजे गाडीची काळजी नाही." मी हातात नारळपाण्याची पिशवी घेऊन उभा होतो. ती तिच्याकडे दिली आणि आलो.

नवव्या दिवशी वहिनी गेल्या.

जळालेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात एका पिंपरणीच्या झाडाखाली उभी करून ठेवली होती. विम्याचा माणूस बघून गेला, वायरिंगमध्ये शॉर्ट झालं असं त्यानं लिहिलं. टाकी फुटलेली, सीट नाही, चाकांच्या नुसत्या तारा. मी एकदा मुद्दाम गेलो. ठाण्यातला हवालदार ओळखीचा होता, त्याची गाडी मीच बघायचो. त्यानं विचारलंसुद्धा नाही कशाला आलो. मी वाकून आत बघितलं. पाइप जळून गेला होता. पण माझ्या दोन्ही क्लिपा जागच्या जागी होत्या, काळ्या पडलेल्या, आवळलेल्या. खालची क्लिप होती तिथून बोटभर वर पाइप फाटला असणार. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडालं असणार. त्या दोन क्लिपा बघून कुठलाही मेकॅनिक सांगू शकला असता. कुणी मेकॅनिकला विचारलं नव्हतं एवढंच.

घरी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "तुमी सांगितल्यानं ती बाई परत येणार हाय का?"

"न्हाय."

"मग आपलं वाटोळं कशाला करून घेताय?"

तिचं चुकत नव्हतं. आम्हाला दोन मुली आहेत. मी गॅरेज उघडत राहिलो. पण इंजेक्शनच्या गाडीची टाकी उतरवायची म्हटलं की माझे हात थांबायचे. एकदा एकाच पाइपाचं कुलूप मी अर्धा तास धरून बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं हो?" मी गाडी तशीच परत दिली. हळूहळू मोठ्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या.

चाचा परत यायला लागले. एक दिवस उठता उठता म्हणाले, "त्या मास्तरला वाटत असंल, नशीब फुटलं. त्याला खरं कळायला पाहिजे, लेका. तो शिकलेला माणूस हाय. तो डोकं फोडून घेत असंल, कसं झालं म्हणून."

दिवाळी झाल्यावर मी गडमुडशिंगीला गेलो. सकाळची वेळ होती. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. हातांवर घट्ट मोजे घातले होते, कातडी आखडू नये म्हणून घालतात तसले. बोटं अर्धवट वाकलेली. मुलगी तेव्हापासून रजा काढून राहिली होती, ती आत स्वयंपाकघरात होती. सरांनी मला बघितलं आणि उठून उभे राहिले. "या मिस्त्री, या. बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"सर, गाडीत वायरिंगचं काही नव्हतं," मी म्हणालो. "पेट्रोलचा पाइप माझ्या हातून तुटला होता. मी साधा पाइप लावला. त्याला तो दाब सोसत नाही, हे मला माहीत होतं. मंगळवारी बदलायचा होता तो हाच पार्ट. तुम्हाला सांगितलं नाही. फोनही केला नाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

सर खाली बसले. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. मुलगी दारात आली होती. ती काही बोलणार तोच सर बोलले, पण माझ्याशी नाही, तिच्याशी.

"आई कळे गावातच म्हणाली होती," ते म्हणाले. "चहाला थांबलो तेव्हा. म्हणाली, अहो, पेट्रोलचा वास येतोय. मी म्हटलं, सकाळी टाकी काठोकाठ भरलीय, म्हणून येत असेल. पुढं साळवणला परत म्हणाली. मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीत तुला काहीतरी दिसतं."

"बाबा," मुलगी म्हणाली. "हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

सरांनी मोजे घातलेले हात मांडीवर ओढून घेतले.

"तीन महिने मी तुमच्या तोंडात घास घालतेय. तीन महिने. आणि आत्ता सांगताय?"

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही दवाखान्यात आला होता. माझ्यासमोर उभे होता."

"व्हय," मी म्हणालो.

"चालते व्हा इथनं."

मी निघालो. रस्त्याला लागेपर्यंत मागे तिचं रडणं ऐकू येत होतं.

आठ दिवसांत तिनं तक्रार दिली. ती देणारच होती आणि दिली हे बरंच केलं. मला ठाण्यात बोलावलं. तोच ओळखीचा हवालदार टेबलापलीकडे बसला होता. साहेब यायच्या आधी तो माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "पावणं, अजून येळ हाय. मला आठवत न्हाई म्हणा. गाडी जळून कोळसा झालीया, कोण काय शाबीत करणार?"

"क्लिपा हायत की," मी म्हणालो.

"कसल्या क्लिपा?"

मी त्याला बाहेर नेलं, गाडीत वाकून दाखवल्या. तो डोकं खाजवत उभा राहिला. मग आम्ही आत आलो आणि मी सगळं सांगितलं तसं त्यानं लिहून घेतलं. त्याच दिवशी जामीन झाला. केस कोर्टात उभी आहे. तारखा पडतात, वकील पुढची मागतात. मोठ्या गाड्या मी सोडल्या. आता स्कूटर आणि रोजच्या वापरातल्या साध्या गाड्या बघतो. बायको त्या विषयावर बोलत नाही. थोरल्या मुलीच्या लग्नाचं जमत आलं होतं, ते मोडलं. पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पण सगळ्यात वाईट मला वाटतं ते वेगळंच. सरांनीही जबाब दिला आणि त्यात वासाचं जसंच्या तसं सांगितलं. माझ्या वकिलाला आनंद झाला, म्हणाला, आता दोष वाटला जाईल. मुलीनं तो जबाब वाचला. ती पुण्याला गेली ती परत आलेली नाही. फोन उचलत नाही. आईला तर मी नेलंच, पण म्हाताऱ्या माणसाची लेकही नेली. मी गप्प राहिलो असतो तर तीही घरी राहिली असती. सरांना एवढं खोटं घेऊन जगता आलं असतं का, हे मला सांगता येत नाही. चाचांना विचारलं. ते म्हणाले, "मलाबी म्हाईत न्हाई. मी सांग म्हटलं, ते माझ्याबी डोक्यावर हाय."

सर आता गडमुडशिंगीत एकटे राहतात. शेजारची बाई दोन वेळची भाकरी आणून देते. मला वाटलं होतं त्या घराची पायरी मला पुन्हा चढता येणार नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनीच निरोप पाठवला, या म्हणून. कोर्टाच्या कामाचं काही असेल असं वाटलं. गेलो तर त्यांच्यासमोर टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली होती.

"मला काढून दाखवा," ते म्हणाले. "टाकीपासून इंजिनपर्यंत. पंप कुठं, पाइप कुठं. मला बोटांनी काढता येत नाही."

मी काढलं. टाकी, तिच्या तळाशी पंप, पाइप, इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. पाइप फाटला ती जागा दाखवली. त्यांनी वर्गात विचारावं तसं एकेक विचारलं. दाब किती, कशानं मोजतात, फट किती असली की थेंब पडेल आणि किती असली की फवारा उडेल. मी सांगत गेलो. मग त्यांनी विचारलं, "गाडी बंद असताना पंप चालू असतो?"

"न्हाई सर. चावी फिरवली की दोन सेकंद चालतो आणि थांबतो. मग स्टार्टर मारला की चालू होतो."

ते कागदाकडे बघत होते.

"असळजच्या पुढं गाडी बंद पडली," ते म्हणाले. "दोन गचके खाल्ले आणि बंद. ही खाली उतरली. वाकून बघायला लागली. म्हणाली, इथं काहीतरी गळतंय, थांबा जरा. मी म्हटलं, पावसाचं पाणी असेल. आणि स्टार्टर दाबला. हे जबाबात नाही. दाबला नसता तर पंप चालला नसता ना?"

त्यांना खोटं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. पाइप फाटल्यावर काहीही झालं असतं, तापलेल्या इंजिनानं तसंही पेटलं असतं, असं म्हणता आलं असतं. तेही अगदी खोटं झालं नसतं.

"चालला नसता," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. "मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगितलेलं बरं."

बाहेर शेजारची बाई भाकरीचं फडकं घेऊन आली. तिनं ताट वाढलं, भाकरी कुस्करून आमटीत कालवून दिली आणि चमचा त्यांच्या मोज्यात खोचला. सरांनी जेवायला सुरुवात केली. मला जा म्हणाले नाहीत आणि जेवा असंही म्हणाले नाहीत. मी त्यांचं जेवण होईपर्यंत बसून राहिलो आणि मग गाडीला किक मारून शाहूपुरीला आलो.